मालवण बंदर : वेळा पाहून जावें

घाटावरच्या माणसाचें आणि समुद्राचें नातें मोठें चमत्कारिक आहे. आमचें निघोजे घ्या. एका अंगास इंद्रायणीचें खोरें, दुसऱ्या अंगास चाकणचा औद्योगिक पट्टा, आणि मध्यें गांव. पूर्वीं या गांवांत समुद्र भेटे तो सकाळीं जमिनीस पाय लावण्यापूर्वीं म्हणावयाच्या श्लोकांत, किंवा शाळेच्या नकाशावर निळा रंग होऊन. आज चाकण-निघोज्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या मोटारी बंदरावर जाऊन जहाजांत चढतात व दूरदूरच्या देशांस जातात. तरी ज्या रस्त्यानें त्या जातात त्या रस्त्यावर राहणाऱ्या आम्हां मंडळींपैकीं बंदर म्हणजे काय हें निरखून पाहिलेले विरळाच. सुटी लागली कीं गाड्या भरभरून लोक कोंकणांत लोटतात हें खरें. पण ती समुद्रस्नानाची आणि भोजनाची यात्रा. वाळूंत दोन तास, खाणावळींत दोन तास, आणि परत. बंदर तेथेंच राहतें.

आमच्या कांहीं वाचकांनीं विचारलें आहे कीं, आजी-आजोबा, सुना, लेंकी, नातवंडें अशी दहाबारा माणसें घेऊन जावें आणि प्रत्येकास कांहीं तरी पाहावयास मिळावें असें बंदर कोणतें? आमचें उत्तर, मालवण. आम्हीं तें तीन वेळां पाहिलें आहे. शेवटचें गेल्या माघांत, घरच्या अकरा माणसांसह. त्यांत सर्वांत वडील आमच्या वहिनी, वय ७८, आणि सर्वांत धाकटी आमची नात, वय ६. मात्र एक अट आहे. मालवणास जावयाचें तें घड्याळ पाहून नव्हे, पंचांग पाहून. हें आम्ही थट्टेनें लिहीत नाहीं, आणि मुहूर्ताच्या अर्थानेंहि लिहीत नाहीं.

संस्कृतांत ‘वेला’ म्हणून एक सुंदर शब्द आहे. अमरकोशकारानें त्याचे तीन अर्थ दिले आहेत : समुद्राच्या पाण्याची चढउतार, काल, आणि मर्यादा. देशावरच्या मराठींत यांतील काल तेवढा उरला व त्याची ‘वेळ’ झाली. कोंकणांत मात्र समुद्रकांठच्या पुळणीसहि वेळ म्हणतात. शिरोड्याजवळचें वेळागर अनेकांस ऐकून माहीत असेल. तीन अर्थ एका शब्दांत कां कोंबले असा प्रश्न आम्हांस विद्यार्थिदशेंत पडत असे. मालवणच्या धक्क्यावर दोन दिवस बसल्यावर तो पडत नाहीं. तेथें काल म्हणजे भरती-ओहोटी, आणि मर्यादा म्हणजेहि तीच.

आतां पंचांगाचें प्रयोजन सांगतों. भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणानें येते. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीहि रोज तितकीच उशिरा येते. दिवसरात्रींत दोन भरत्या व दोन ओहोट्या. यावरून किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांनीं एक सोपें गणित बसविलें : तिथीची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारांची पाऊणपट तीन. दुपारीं तीनला व रात्रीं तीनला भरती, आणि त्याच्या मागेंपुढें सहासहा तासांनीं, म्हणजे नऊच्या सुमारास, ओहोटी. शुद्ध पक्ष असो कीं वद्य, हिशेब तोच. मुंबईस हा बराच जमतो. मालवणास भरती कांहींशी आधींच येते, म्हणून अर्धापाऊण तास हाताशीं ठेवावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य व चंद्र एका रेषेंत ओढतात, पाणी खूप चढतें व खूप उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास पाणी मंद चढतें, मंद उतरतें, तो भांग. आमच्या सहा वर्षांच्या नातीस पाऊणकी येत नव्हती; ती मालवणास आली. पाऊणकीचे पाढे शाळांतून गेले तेव्हां त्यांचा एक उपयोग असाहि होता हें कोणी सांगितलें नाहीं.

हें एवढें गणित बरोबर घेतलें कीं मालवण उघडतें. बंदर म्हटल्यावर प्रचंड धक्के, उंच यारी आणि लोखंडी पेट्यांचे डोंगर अशी जी कल्पना येते तिचा येथें लवलेशहि नाहीं. समोरच्या पाण्यांत खडकच खडक. कांहीं दिसणारे, कांहीं दांत लपवून बसलेले. मोठें जहाज आंत येऊंच शकत नाहीं. मुंबईहून कोंकणची आगबोट येत असे त्या काळीं ती बाहेर खोल पाण्यांत नांगर टाकी, आणि उतारू ट्रंका-वळकट्यांसह पडावांत उतरून किनाऱ्यास लागत. आज धक्क्यावर मासेमारीच्या होड्या, ट्रॉलर आणि प्रवाशांची ने-आण करणाऱ्या होड्या एवढीच वर्दळ. जी अडचण व्यापाऱ्यास नडली तीच शिवाजीमहाराजांस उपयोगी वाटली. खडकांतून वाट काढणें केवळ माहितगारास साधतें; तेव्हां शत्रूच्या जहाजास परस्पर समुद्रच थोपवून धरील.

समोर अर्ध्या मैलावर कुरटे नांवाचें बेट होतें. त्यावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं, मार्गशीर्ष वद्य द्वितीयेस, सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. पूजन झालें तें किनाऱ्यावरच्या एका खडकापाशीं. त्याला मोरयाचा धोंडा म्हणतात. त्यावर गणपति, चंद्र, सूर्य व शिवलिंग कोरलेलें आहे. गांवांत आलेले शेंकडा किती लोक तो पाहून जातात कोण जाणे. आमच्या गाडीवाल्यास तो ठाऊक नव्हता. किल्ल्याचें काम हिरोजी इंदुलकर यांच्याकडे होतें आणि तें तीन वर्षांत, १६६७ मध्यें, पुरें झालें. पायाच्या चिऱ्यांत शिसें ओतलें अशी परंपरा सांगतात. तटाची उंची सुमारें ३० फूट, रुंदी १२ फूट, घेर जवळजवळ दोन मैल, आंतील क्षेत्र ४८ एकर.

यांतील प्रत्येक आंकड्यापेक्षां आम्हांस दरवाजा अधिक शिकवून गेला. होडी गांवाकडून सरळ तटाच्या रोखानें जाते, तट जवळ येतो, आणि दरवाजा कांहीं दिसत नाहीं. दोन बुरूज एकमेकांस वळसा देऊन उभे आहेत; त्यांच्या मिठींत शिरल्यावर एकाएकीं वाट दिसते. आमच्या चाकणचा संग्रामदुर्ग ज्यांनीं पाहिला आहे त्यांनीं ही तुलना मनांत जरूर करावी. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें तो भुईकोट शाएस्तेखानाच्या अफाट फौजेसमोर जवळजवळ दोन महिने लढविला; पण भुईकोटास सुरुंग लागतो. खंदकाच्या तळाशीं भुयार खणतां येतें, समुद्राच्या तळाशीं नाहीं. चाकणच्या वेढ्यानंतर चार वर्षांनीं कुरटे बेटावर पायाचा चिरा बसला.

आंत गेल्यावर शिवराजेश्वराचें देऊळ. राजाराममहाराजांनीं तें १६९५ मध्यें बांधविलें. मूर्ति बैठी आहे, आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी आहे असें तिचें वर्णन करतात. दर्शन होतें तें बहुधा चांदीच्या मुखवट्याचें. तटावर दोन लहान घुमट्यांत चुन्यांत उमटलेला हाताचा व पायाचा ठसा आहे, तो महाराजांचा म्हणून पूजिला जातो. आमच्या वहिनी तेथें बराच वेळ उभ्या होत्या. चढ-उतार फारसा नसल्यामुळें वृद्धांस हा किल्ला सोसतो. त्रास होतो तो होडींत पाय टाकतांना व काढतांना.

पण लहान मुलांस खरें नवल वाटतें तें विहिरींचें. दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन विहिरी, चहूंकडे खारें पाणी, आणि आंत गोडें! आमच्या नातवानें ‘चमत्कार’ म्हणून टाकलें. आम्हीं त्यास तेथेंच कट्ट्यावर बसविलें आणि निम्म्या तासाची शाळा घेतली. पावसाचें पाणी बेटाच्या भेगांतून मुरतें. गोडें पाणी खाऱ्यापेक्षां हलकें, म्हणून तें खाऱ्यावर तरंगतें, तेल पाण्यावर तरंगावें तसें. तेलाप्रमाणें साफ वेगळें राहत नाहीं इतकेंच. समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडें पाणी असेल तर खालीं सुमारें चाळीस फूट खोलवर गोडाचा थर असूं शकतो. हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन यूरोपीय अभ्यासकांनीं मांडला. शिवकालीं तो मांडला गेला नव्हता. पण बेटावर गोडें पाणी आहे कीं नाहीं हें आधीं पाहिल्यावांचून ४८ एकरांचा तट कोणी उभारीत नाहीं. त्याच पाण्यावर कांहीं कुटुंबें आजहि किल्ल्यांत राहतात. उपसा अति झाला तर खालचें खारें वर येतें. म्हणून जो कोणी तेथें जाईल त्यानें पाण्याची बाटली घरून न्यावी व विहिरीजवळ कागद-पिशव्या टाकूं नयेत. ही सूचना मोठ्यांसाठीं आहे, मुलें ऐकतात.

असें तटबंदीचें बंदर जगांत हें एकटेंच आहे असें मात्र नव्हे. फ्रान्स देशाच्या ब्रिटनी प्रांतांत सां-मालो म्हणून एक गांव आहे. खडकावर वसलेलें, सभोंवार तट, तटावरून गांवास प्रदक्षिणा घालतां येते. यूरोपांतील लोक त्यासाठीं तेथें गर्दी करतात. तेथील उधाणाची भरती तेरा मीटरांपर्यंत चढते. मालवणास दोन-अडीच मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. सां-मालोजवळच रान्स नदीच्या मुखाशीं भरतीच्या पाण्यावर वीज काढण्याचा कारखाना १९६६ पासून चालला आहे. गांवासमोर ग्रां-बे नांवाचें एक बेट आहे. त्यावर शातोब्रियां या प्रसिद्ध ग्रंथकाराची समाधि असून तेथें ओहोटीच्या वेळींच पायीं जातां येतें. भरती आली कीं वाट मोडते आणि उशीर करणारा सहा तास समाधीपाशीं बसतो. गांवासमोरच्या दुसऱ्या खडकावर १६८९ मध्यें बांधलेला किल्ला व्होबां या नामांकित दुर्गशिल्पकाराच्या योजनेचा. आमचा सिंधुदुर्ग त्याहून बावीस वर्षांनीं वडील आहे, आणि त्याच्या शिल्पकाराचें नांव शाळेंतील मुलांस येत नाहीं.

या दोन बंदरांची आणखी एक गोष्ट मनांत सलते. सां-मालोचे दर्यावर्दी राजाचा परवाना घेऊन शत्रूचीं गलबतें लुटीत. त्यांतील रोबेर सुर्कूफ यानें १८०० सालीं बंगालच्या उपसागरांत इंग्रज कंपनीचें ‘केंट’ हें मोठें जहाज पकडलें. आज त्याचा पुतळा तटावर उभा आहे. मालवणचे दर्यावर्दी करवीर दरबाराचे. त्यांनीं इंग्रजांचीं गलबतें धरलीं तेव्हां कंपनीच्या कागदांत त्यांस चांचे म्हटलें गेलें. त्या निमित्तानें १७६५ मध्यें इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें, आणि पुढल्या वर्षीं पैसे घेऊन परत केला. १८१२ मध्यें तो करवीरकरांकडून कायमचा त्यांच्या हातीं गेला. नांव कांहीं टिकलें नाहीं. पण ‘चांचे’ हा शब्द आमच्याच जुन्या क्रमिक पुस्तकांनीं कित्येक वर्षें गिरविला, आणि आम्हींहि तो फळ्यावर लिहून शिकविला. जो शब्द इंग्रजानें आपल्या शत्रूस दिला तो आपण आपल्या नावाड्यांस लावावा कीं नाहीं, याचा निकाल घरोघरीं मुलांसमक्ष लावावा. आमचा निकाल लागला आहे.

आतां सां-मालोच्या त्या बेटाचा जोडीदार. मालवणच्या दांडीच्या पुळणीसमोर पद्मगड आहे. सिंधुदुर्गापेक्षां पुष्कळ लहान. गलबतांची बांधणी-दुरुस्ती येथें चाले असें सांगतात. ओहोट चांगली लागली म्हणजे येथें वाळूंतून व उथळ पाण्यांतून चालत जातां येतें. आम्हीं जावयाचें ठरविलें तो दिवस षष्ठीचा, वेळ दुपारीं दोनची. पाऊणकीनें भरती साडेचारला. मालवणचा अर्धा तास वजा केला तरी पाणी चढतें असणार हें उघड होतें. पण घरांतील तरुण मंडळी वाळू कोरडी दिसते म्हणून निघालीच. पुळणीवर जाळें सांधीत बसलेल्या एका म्हाताऱ्यानें मान वर न करतां हांक दिली, “मास्तरानूं, पाणी भरूक लागलां. आतां नको, फाल्यां सकाळीं येवा.” आम्ही मास्तर होतों हें त्यास कसें कळलें हें विचारण्याचें राहिलें. मंडळी थांबली. पाऊण तासानें ती वाळू पाण्याखालीं होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाला तरुण मंडळी गेली व साडेअकराच्या आंत परत आली.

येथें आम्हांस थोडें स्पष्ट लिहिणें भाग आहे. एप्रिल २०१७ मध्यें बेळगांवाहून सहलीस आलेल्या एका महाविद्यालयाच्या मंडळींपैकीं ८ जण याच बाजूच्या वायरीच्या किनाऱ्यावर बुडाले. मे २०२२ मध्यें तारकर्लीस समुद्रतळ पाहून परतणारी प्रवाशांची होडी उलटून दोघे गेले. हीं सर्व देशावरच्या माणसांसारखीं माणसें होतीं. नदीचें पोहणें येतें म्हणून समुद्राचें येतें असें नाहीं. नदी एकाच दिशेस ओढते. समुद्र आंत लोटतो तेव्हां थट्टा करतो आणि बाहेर ओढतो तेव्हां खरें बोलतो. लाटांनीं किनाऱ्यावर आणलेलें पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेनें वेगानें परत जातें. ती वाट बाहेरून शांत दिसते, लाटा तेथें फुटत नाहींत, आणि म्हणूनच अजाण माणूस नेमका तेथें उतरतो. तींत सांपडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येऊं नये. किनाऱ्यास समांतर, आडवें पोहत ओढीबाहेर पडावें व मग वळावें. स्नान करावयाचें तर चढत्या पाण्यांत, कमरेपर्यंत, आणि स्थानिक माणसास विचारून. ओहोटीस उतरूं नये. देवबागेस कर्ली नदी समुद्रास मिळते; तो संगम होडींतून पाहावा, त्यांत पोहूं नये. होडींत लाइफ जाकीट बांधल्यावांचून बसूं नये. एके ठिकाणीं आमच्या डोळ्यांसमोर होडीवाला बेतापेक्षां अधिक माणसें कोंबीत होता. आम्ही अकराच्या अकरा माणसें खालीं उतरलों. लाज वाटावयाची ती त्याला वाटूं द्यावी.

पावसाळ्यांत तर प्रश्नच नाहीं. जून लागण्याच्या सुमारास किल्ल्याची होडी बंद होते ती पाऊस ओसरेपर्यंत. जून-जुलैंत यांत्रिक मासेमारीसहि सरकारी बंदी असते; तो माशांचा विणीचा काळ. जुन्या मंडळींस ‘रामदास’ बोटीची आठवण असेल. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. मुंबईहून रेवसास निघालेली ती बोट वादळी लाटांत कलंडली आणि सहाशेंवर माणसें गेलीं. पाऊस, वारा आणि उधाण तिन्ही एका दिवशीं आलीं होतीं.

नारळी पौर्णिमेस मालवणचें सारें गांव बंदरावर लोटतें, समुद्रास नारळ वाहिला जातो, आणि नारळ लढविण्याच्या चुरशी लागतात. आम्हीं ती अद्याप पाहिलेली नाहीं. दिवाळींत पाडव्यास ग्रामदैवत रामेश्वर व नारायण यांच्या पालख्या गांवास वेढा घालण्यास निघतात; ती मात्र पाहिली आहे.

मालवणच्या लोकांचें खरें दर्शन घडतें तें पहांटे रापणीच्या वेळीं. रापण म्हणजे अतिशय लांब जाळें. होडी तें समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडीत जाते, दोन्ही टोंकांचे दोर किनाऱ्यावर राहतात, आणि मग दोन्ही दोरांस तीसतीस-चाळीसचाळीस माणसें लागतात. ओढण्याची एक लय असते. पाय वाळूंत रोवून, कंबरेनें मागें झुकून, पावलापावलानें. या धंद्यांत मालक आणि मजूर यांची सीमारेषा पुसट आहे. जाळ्यांत, होडींत व श्रमांत ज्याचा जसा भाग तशी वांटणी. हल्लीं मोठे यांत्रिक ट्रॉलर व पर्ससीनचीं जाळीं समुद्रांतच मासळीचे थवेच्या थवे उपसतात, रात्रीं विजेचे झगझगीत दिवे लावून ओढतात, आणि रापणकरांची तक्रार अशी कीं किनाऱ्यापर्यंत मासळी येतच नाहीं. ती तक्रार आम्हांस खरी वाटली. आम्ही उभे होतों त्या सकाळीं इतकी माणसें तासभर ओढून जें आलें तें चार-पांच टोपल्यांपेक्षां अधिक नव्हतें. आमच्या दोन पुतण्यांनीं दोरास हात लावला होता. वांटणीच्या वेळीं त्यांच्याहि पुढें दोन बांगडे आले. प्रसंग बिकट. आमच्या वहिनींनीं हात जोडून ते परत केले व “आमचा वांटा पुढल्या खेपेस नारळानें द्या,” म्हणाल्या. तो मनुष्य हंसला आणि दुपारीं बिऱ्हाडीं दोन शहाळीं आलीं.

यावरून जेवणाचा विषय निघालाच आहे तर लिहितों. मालवणचें नांव माशांच्या कालवणाबद्दल गाजलें आहे, व जे खातात त्यांनीं तें खुशाल खावें. जे खात नाहींत त्यांची उपासमार होते हा समज मात्र चुकीचा. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, आंबोळ्या, घावन, नारळाच्या गोड रसांतले शिरवाळे, आणि वर सोलकढी. आमच्या घरांतल्या बायकांनीं तेथील यजमानीणबाईंच्या चुलीशीं बसून शिरवाळ्यांची कृति उतरून आणली आहे. बरोबर न्यावयास खाजें आणि आमसुलें. खाजें म्हणजे बेसनाच्या कांड्या गुळाच्या व आल्याच्या पाकांत घोळलेल्या, दांत असलेल्यांसाठीं.

मालवण या नांवाची व्युत्पत्ति ‘महालवण’ अशी देतात, कारण मीठ. कोणी ‘माडबन’ म्हणतात, कारण माड. व्याकरणाच्या दृष्टीनें पहिली आम्हांस सोयीची वाटते आणि गांव पाहिल्यावर दुसरी. असो.

राजकोटाविषयीं लिहिल्यावांचून गत्यंतर नाहीं, कारण आतां प्रत्येक प्रवासी प्रथम तेथेंच जातो. बंदराच्या कडेच्या या जागेवर ४ डिसेंबर २०२३ रोजीं, नौदलदिनीं, शिवाजीमहाराजांच्या उंच पुतळ्याचें अनावरण झालें आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तो कोसळला. नवा, अधिक उंच पुतळा २०२५ च्या मे महिन्यांत उभा राहिला. आम्ही त्या जागीं उभे राहिलों तेव्हां समोर १६६७ चा तट होता. त्यावर रोज दोनदां भरती आपटते, चार महिने पावसाळा आपटतो, खारा वारा बारा महिने चाटतो. चिरे कांहीं ठिकाणीं ढांसळले आहेत, बुरुजांवर झाडें उगवलीं आहेत. तरी तट उभा आहे. दोन वास्तु पाठीपोट असल्या म्हणजे मुलें प्रश्न विचारतात, व त्यांस उत्तर द्यावें लागतें. आम्हीं एवढेंच सांगितलें कीं जुन्या कारागिरांनीं पाण्यास तीन वर्षें दिलीं. २०२५ च्या जुलैंत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली, त्यांत सिंधुदुर्ग आहे. त्या नोंदीनें गर्दी वाढणार. तटास ती मानवेल कीं नाहीं हें पाहावयाचें.

समुद्राखालींहि मालवण आहे. येथील सुमारें २९ चौरस किलोमीटर समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, व खडकांवर प्रवाळ आहे. पाण्याखालीं नेऊन तें दाखविण्याचा धंदा जोरांत चालतो. आमच्या पुतण्यांनीं तें पाहिलें व फार वाखाणलें. आम्ही काठावर पिशव्या सांभाळीत बसलों. प्रवाळ सजीव आहे, त्यावर पाय देऊं नये, एवढें जाणाऱ्यास बजावून पाठवावें.

जाण्याचा मार्ग : मोटारीनें कोल्हापूर, तेथून गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून कसालवरून मालवण, आमच्याकडून सुमारें चारशें किलोमीटर पडतें, तेव्हां वृद्ध बरोबर असल्यास कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनाच्या निमित्तानें मुक्काम करावा. रेल्वेनें गेल्यास कुडाळ किंवा कणकवलीस उतरावें. गांवांत तीन मुक्काम हवेतच. एक किल्ल्यास, एक तारकर्ली-देवबागेस, आणि एक कांहीं न करतां धक्क्यावर बसण्यास. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पाणी निवळ असतें व ऊन सोसतें.

येत्या मार्गशीर्षांत पुन्हां जाण्याचा बेत आहे. तिथि वद्य द्वितीया, पायाभरणीची. दोनाची पाऊणपट दीड. मालवणचा अर्धा तास वजा जातां भरती एकच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळीं सातला. पौर्णिमेला दोनच दिवस झालेले असल्यानें पाणी खूप उतरलेलें असेल. साडेसहाला मोरयाच्या धोंड्यापाशीं, तेथून दांडीवर, आणि वाळू उघडी असेतों पद्मगड. वहिनींनीं आतांच विचारलें आहे कीं पद्मगडापर्यंत त्यांना चालवेल कां. त्या म्हाताऱ्यास विचारून सांगूं.